मांजरा, झरे आणि बेदरची गादी

बिदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाशी, जेथे पश्चिमेस देवणी-उदगीरचा मराठी मुलूख, उत्तरेस देगलूरचे रान आणि पूर्वेस तेलंगणातील नारायणखेडची शीव जवळ येते, त्या औराद तालुक्यात संतपूर हे गाव आहे. आज ते तालुक्यातील एक बाजारगाव म्हणूनच ओळखले जाते. परंतु हैदराबाद संस्थानच्या दफ्तरांत संतपूर हे तालुक्याचे नाव होते, आणि त्या काळी उदगीर, निलंगा, अहमदपूर, भालकी, हुमनाबाद, जहीराबाद, नारायणखेड हे सारे तालुके संतपूरसह एकाच बिदर जिल्ह्यात नांदत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली तेव्हा या जिल्ह्याचे तीन तुकडे झाले : उदगीर, निलंगा व अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहीराबादचा बहुतेक भाग आंध्राकडे गेला, आणि बेदर (बिदर) शहरासह संतपूर म्हैसूर राज्यात गेले. भाषेच्या तत्त्वावर झालेल्या या वाटणीत ज्यांच्या घरात मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत उर्दू चालत असे अशा माणसांची मोजदाद कोणत्या रकान्यात करावी, हा प्रश्न सुटला नाही. तो येथे सोडविण्याचा माझा हेतूही नाही. संतपूरहून बेदरपर्यंतच्या एका दिवसाच्या वाटेवर मला जो इतिहास दिसतो, तो या वाटणीहून फार जुना असून पाण्याच्या आधाराने लिहिला गेला आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

संतपूरहून दक्षिणेस निघाले म्हणजे प्रथम काळी जमीन लागते. ही मराठवाड्याचीच जमीन. तोच काळा पाषाण खाली, तीच ज्वारी, तूर, उडीद, मूग वर, आणि अलीकडे तेच सोयाबीन. उन्हाळ्यात हिला हात हात भेगा पडतात आणि आषाढात हीच गाडीचे चाक धरून ठेवते. अशा भूमीत पाणी पृष्ठभागावर फार काळ टिकत नाही आणि खोल पाषाणात सहज मुरतही नाही. म्हणून या बाजूच्या गावांनी आपला भरवसा विहिरींवर आणि दगडी पायऱ्यांच्या बारवांवर ठेवला, आणि जेथे नदी जवळ होती तेथे नदीवर ठेवला. नदी म्हणजे मांजरा. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून, लातूरकडील मुलखातून ती या जिल्ह्यात शिरते, औराद आणि बेदर यांच्या मधून पूर्वेस वाहते, आणि पुढे तेलंगणात एकाएकी उत्तरेस वळून गोदावरीस मिळते. ज्या नदीचा ओघ दक्षिण-पूर्वेकडे आहे तिने अखेरीस उत्तरेचा रस्ता धरावा, हे तिचे वळण पाहून जुन्या प्रवाशांनाही नवल वाटले असेल. नदीकाठच्या गावांतून पूर्वी मोटा चालत. आता विजेचे पंप आहेत, ऊस आहे, आणि वैशाखात नदीच्या पात्रात डबकी उरली म्हणजे पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणेही आहेत.

पूल ओलांडून जनवाड्याच्या पुढे आले की जमीन चढू लागते आणि तिचा रंग पालटतो. काळी माती मागे पडते आणि तांबडी, छिद्राळ, लोखंडी गंजाच्या रंगाची जांभ्याची भूमी सुरू होते. कोकणातील माणसास हा दगड परिचयाचा आहे. परंतु समुद्रापासून इतक्या दूर, काळ्या पाषाणाच्या विस्तारावर जांभ्याचा हा एक तांबडा पाट ठेवल्यासारखा दिसतो, आणि त्याच पाटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० फूट उंचीवर, बेदर वसले आहे. या दगडाचा गुण असा की तो पावसाचे पाणी मातीच्या माठासारखा आत घेतो आणि सावकाश पाझरू देतो. जांभ्याच्या थराखाली चिकणमाती आणि काळा पाषाण आहे. तेथपर्यंत उतरलेले पाणी पुढे जाऊ शकत नाही, म्हणून ते आडवे सरकते आणि पठाराच्या कडेस, जेथे दोन थरांची सांधणूक उघडी पडते, तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. बेदरच्या भोवती असे झरे जागोजाग आहेत आणि प्रत्येकावर कोणत्या तरी धर्माने आपला हात प्रेमाने ठेवला आहे. नरसिंह झऱ्यात छातीइतक्या पाण्यातून, वटवाघळांनी भरलेल्या बोगद्यात चालत जाऊन देवाचे दर्शन घ्यावे लागते. पापनाशाचे शिवलिंग प्रभू रामचंद्रांनी स्थापिले अशी श्रद्धा आहे. आणि नानक झिऱ्याचे पाणी सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या गुरू नानकांच्या कृपेने फुटले असे शीख बांधव मानतात. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंहांच्या हाकेस ओ देऊन उभे राहिलेल्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंह हे बेदरचे, असे शीख परंपरा सांगते. एकाच भूस्तराने तीन तीर्थे निर्माण केली, याहून या भूमीचे अधिक मोठे वैभव मी कोणते सांगू?

बहमनी सुलतान अहमदशहाने आपली राजधानी गुलबर्ग्याहून येथे का आणली, याचे उत्तर बखरकार एका शिकारीच्या कथेने देतात. सुलतानाच्या कुत्र्यांनी एका कोल्ह्याचा पाठलाग केला, कोणी ससा म्हणतात, आणि तो भेकड प्राणी या मातीवर पाय ठेवताच उलटून कुत्र्यांवर धावला. ज्या भूमीच्या वाऱ्यात एवढे शौर्य आहे तेथेच तख्त असावे, असे सुलतानाने ठरविले. हीच कथा थोड्या फरकाने हिंदुस्थानातील इतर अनेक शहरांविषयी सांगितली जाते, म्हणून तिच्यावर मी फार भार टाकीत नाही. गुलबर्गा उघड्या मैदानात होते, ते १४२२ मध्ये झालेल्या भावाभावांतील तख्ताच्या झगड्याने डागाळलेले होते. आणि बेदर राज्याच्या मध्याजवळ, उंचावर, थंड हवेत होते. परंतु या सर्व कारणांच्या मुळाशी पाणी आहे, असे मला निश्चयाने वाटते. पठारावर हजारो माणसे, घोडे आणि हत्ती बारमाही राहू शकतील याची हमी झऱ्यांनी दिली नसती, तर तटांचा आणि महालांचा तो सारा खर्च कोणत्याही शहाण्या दिवाणाने मंजूर केला नसता. १४२९ ते १४३२ या वर्षांत किल्ल्याची उभारणी झाली. जांभा कोरून तिहेरी खंदक केला आणि खंदकातून निघालेलाच दगड तटास लावला, म्हणजे खोदकाम आणि बांधकाम ही एकाच श्रमाची दोन अंगे झाली.

या अहमदशहाचे दर्शन शहरापेक्षा अष्टुरात अधिक चांगले घडते. पठारावरून खाली उतरून गेले की शेतांच्या मध्ये बहमनी सुलतानांचे घुमट रांगेने उभे दिसतात. त्यांतील एक, क्रूर म्हणून ज्याचे नाव इतिहासात राहिले त्या हुमायूनशहाचा, वीज पडून अर्धा कोसळला आहे आणि त्याच्या पोटातील विटांची रचना सर्वांस उघडी दिसते. अहमदशहाचा घुमट मात्र आतून शेंदरी, निळ्या आणि सोनेरी रंगांनी आजही भरलेला आहे. त्यास ‘वली’ म्हणजे संत ही पदवी मिळाली ती तलवारीने नव्हे. राज्यात अवर्षण पडले, विहिरी आटल्या, तेव्हा सुलतान नगराबाहेर टेकडीवर एकटा गेला, त्याने आकाशाकडे पाहून करुणा भाकली आणि पाऊस आला, असे सांगतात; त्या पावसाने भिजलेल्या लोकांनी त्यास वली म्हटले. १४३६ मध्ये तो वारला. त्याचा उरूस हिंदू पंचांगाच्या हिशेबाने, होळीनंतर भरतो, आणि कलबुर्गी जिल्ह्यातील माडियाळ गावचा जंगम आपल्या अनुयायांसह येऊन या मुसलमान राजाच्या समाधीवर पूजा करतो, कारण लिंगायत भाविक त्यास अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. इराणातील किरमानच्या शाह निमतुल्ला या सूफी सत्पुरुषाचा जो शिष्य, तोच कल्याणच्या शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, मांदियाळीत जाऊन बसला. पंडितांना हे विसंगत वाटेल. अष्टुराच्या शेतकऱ्यास वाटत नाही, आणि या बाबतीत मी शेतकऱ्याच्या बाजूस आहे.

आता शहरात यावे. जेथे चार रस्ते एकत्र येतात तेथे चौबारा नावाचा भक्कम वर्तुळाकार बुरूज उभा आहे. त्यावरून पहारेकरी सारा परिसर न्याहाळीत. तेथून किल्ल्याकडे जाताना महमूद गावानचा मदरसा लागतो, आणि ज्यास दक्षिणेच्या इतिहासाची काही आस्था आहे त्याने येथे घाईने पुढे जाऊ नये. गावान कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला. व्यापारी म्हणून तो दाभोळच्या बंदरात उतरला आणि बेदरला आला, तो पुढे या राज्याचा वजीर झाला. आमच्या कोकणाने त्यास शत्रू म्हणून पाहिले आहे : खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर, या बाजूस त्याने १४६९ पासून मोहीम चालविली, आणि १४७२ मध्ये गोवा घेतला. त्याच वर्षी हा मदरसा पुरा झाला. तीन मजले, चारही बाजूंस वर्ग आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या, दर्शनी बाजूस उंच मिनार, आणि भिंतींवर इराणी कारागिरांनी बसविलेल्या निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चिनी फरशा. ग्रंथालयात ३००० ग्रंथ होते असे सांगतात. दूरदूरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चाले, आणि ज्या उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदाने कॉन्स्टँटिनोपल जिंकले, त्यासही बेदरच्या या वजिराची पत्रे जात. त्या उस्मानी दरबारात आणि आमच्या या तांबड्या पठारावर एकाच फारसीतील कागद फिरत होते, ही गोष्ट आम्ही विसरलो आहोत.

गावानच्या वैभवाच्या दिवसांत बेदरला एक रशियन व्यापारी आला होता. व्होल्गाकाठच्या त्वेर शहरचा अफनासी निकितिन चौलास उतरला, पावसाळा त्याने जुन्नरात काढला, आणि एकुलता एक घोडा बरोबर घेऊन तो बेदरला पोहोचला. त्याच्या टिपणांत अमीर-उमरावांच्या चांदीच्या पालख्या आणि घोड्यांचे सोन्याचे साज आहेत, आणि त्याबरोबरच, जमिनीवरची रयत फार दीन आहे, हेही आहे. बेदरहून बारा कोसांवर आळंदला शेख अलाउद्दीनच्या नावाने भरणाऱ्या जत्रेचे वर्णन त्याने केले आहे. तेथे दहा दिवस व्यापार चालतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असे तो लिहितो. कलबुर्गी जिल्ह्यातील आजचे आळंद तेच. दूरच्या माणसाने रयतेचे दैन्य एका दृष्टिक्षेपात पाहिले. दरबारच्या तवारिखा लिहिणाऱ्यांना ते दिसले नाही, अथवा दिसूनही लिहावेसे वाटले नाही.

गावानने मात्र ते पाहिले होते असे त्याच्या कारभारावरून मानावे लागते. राज्याच्या चार तरफांच्या (प्रांतांच्या) त्याने आठ तरफा केल्या, प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले हुजुराकडे घेतले, काही परगणे खालसा केले, आणि जमिनीची मोजणी करून धारा ठरविण्यास आरंभ केला. ज्यांचे उत्पन्न घटले त्यांनी त्याचा सूड घेतला. शिक्का सांभाळणाऱ्यास मद्य पाजून कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का उठविण्यात आला, त्यावर ओरिसाच्या राजास राज्यावर स्वारी करण्याचे निमंत्रण लिहिले गेले, आणि ते पत्र सुलतान तिसऱ्या महंमदशहाच्या हाती देण्यात आले. १४८१ मध्ये सत्तरी उलटलेल्या त्या म्हाताऱ्याचे शिर उडविले गेले. त्याच्या मृत्यूनंतर खजिन्याची झडती झाली, तेव्हा सरकारी कामाची एक थैली आणि गरिबांसाठी राखलेली दुसरी, यापलीकडे फारसे काही सापडले नाही, असे म्हणतात. वर्षभरात सुलतानही वारला, आणि राज्याच्या पाच शाह्या होण्याचा मार्ग मोकळा झाला. मदरशाची आजची स्थिती त्याहून उशिराच्या अपघाताची आहे : औरंगजेबाच्या काळात तेथे दारूगोळा साठविला होता, तो १६९६ मध्ये भडकला आणि इमारतीचा दर्शनी अर्धा भाग, एका मिनारासह, उडून गेला. उरलेल्या मिनारावर निळ्या फरशीचे तुकडे अजून चमकतात.

परंतु मराठी माणसाच्या मनात बेदर आहे ते गावानचे नव्हे, दामाजीपंतांचे आहे. मंगळवेढ्याचा ठाणेदार, बादशहाचा चाकर, पंढरीचा भक्त. दुष्काळात अन्नान्न करीत आलेल्या लोकांना त्याने सरकारी अंबरखाने खुले करून दिले. बातमी बेदरला गेली आणि त्यास धरून आणण्याचा हुकूम सुटला. इकडे दामाजी शिपायांच्या पहाऱ्यात वाटेवर असताना तिकडे दरबारात घोंगडी खांद्यावर टाकलेला विठू महार आला, त्याने धान्याची सारी किंमत मोहरांनी मोजून दिली, बादशहाच्या शिक्क्याची रसीद घेतली आणि तो निघून गेला. ती रसीद दामाजीपंतांना आपल्या गीतेच्या पोथीत सापडली. महीपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा सविस्तर सांगितली आहे, आणि कीर्तनकारांनी ती खेडोपाडी नेली. ज्या स्त्रियांनी बेदरची वेस कधी पाहिली नाही त्यांनी कीर्तनात बेदरच्या दरबाराचे वर्णन ऐकून डोळ्यांस पदर लावला आहे.

या कथेतील चमत्कारावर वाद घालण्यात मला रस नाही. तिच्यात कारभाराचे जे चित्र आहे ते इतके नेमके आहे की ते पाहून मी थक्क होतो. दरोबस्त धारा धान्यात वसूल होतो. धान्य ठाण्याच्या अंबरात साठते. त्यास हात लावण्याचा अधिकार ठाणेदारास नाही. हिशेब हुजुरात द्यावयाचा. भरणा केला की शिक्क्याची रसीद मिळते. आणि रसीद दाखविली की माणूस सुटतो. देवासही दप्तराचा हा शिरस्ता पाळावा लागला! आणि देव आला तो महाराच्या वेषात, कारण गावचा खजिना डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन ठाण्यापर्यंत पोहोचविण्याचे काम प्रत्यक्षात महारच करीत असे. त्याच मंगळवेढ्यात शतकापूर्वी चोखोबा होऊन गेले होते. अहमदशहास लोकांनी वली म्हटले ते त्याने पाऊस आणला म्हणून; दामाजीस संत म्हटले ते पाऊस न आल्यावर त्याने कोठार उघडले म्हणून. राजा आणि चाकर यांच्यामध्ये एवढे अंतर असूनही रयतेने दोघांना एकाच काट्याने तोलले, असे मला या वाटेवरून जाताना पुन्हा पुन्हा वाटते. कोरड्या भूमीतील माणसांजवळ दुसरा काटा नव्हता.

किल्ल्याविषयी थोडक्यात सांगतो. सोळा खांब मशीद, शिंपल्यांच्या जडावाचा रंगीन महाल, तख्त महालाचे भग्न कमानदार मुख ही सर्व पाहण्यासारखी आहेत. आणि गुलाम याजदानी यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांचे जे वर्णन केले आहे ते अजून कोणी मागे टाकलेले नाही. बहमनींच्या मागून बरीदशाही आली, तिच्यामागून विजापूरकर आले, आणि १६५७ मध्ये शहजादा औरंगजेबाने वेढा घालून किल्ला घेतला. किल्लेदार सिद्दी मर्जान दारूच्या कोठारास लागलेल्या आगीत घायाळ होऊन पडला. बेदरच्या गल्ल्यांतून बिदरीचे कारागीर अजून जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यांवर चांदीची तार ठोकतात, आणि त्यांस काळा रंग चढविण्यास किल्ल्याच्या जुन्या भिंतींजवळची मातीच नवसागराबरोबर वापरतात.

दिवस उतरू लागला म्हणजे शहराच्या पश्चिमेस नौबादकडे जावे. येथे जमिनीच्या पोटातून एक कालवा कोरलेला आहे. इराणात यास कनात म्हणतात, आमच्या बाजूस करेझ किंवा सुरंग बावी. पंधराव्या शतकात, इराणातून आलेल्या जाणत्यांच्या देखरेखीखाली तो झाला असे मानतात. जांभा आणि खालचा कठीण थर यांच्या सांध्याशी मूळ विहीर घेऊन, तेथून मंद उताराने बोगदा पुढे नेलेला आहे, आणि ठराविक अंतरावर उभ्या विहिरींनी त्यास प्रकाश, हवा आणि पाणी शेंदण्याची सोय दिलेली आहे. उतार थोडा अधिक झाला तर पाणी माती कापीत जाते, थोडा कमी झाला तर गाळ बसतो. दुर्बीण आणि मोजणीची आजची साधने नसताना हा उतार मैलभराहून अधिक अंतर कसा साधला, याचा विचार केला की त्या अनाम खोदणाऱ्यांसमोर मन नम्र होते. उन्हाने यातील पाणी आटत नाही आणि शत्रूस ते दिसत नाही. पठाराच्या खाली, नैर्ऋत्येस, कमठाण्याचा मोठा जुना तलाव याच कुळातला : वर मुरलेले, कडेने झिरपलेले आणि पावसात वाहून आलेले पाणी बांध घालून अडवावे, आणि त्याखाली शेती करावी. संतपुराकडच्या काळ्या रानात जे बारवेने साधले ते येथे तलावाने आणि करेझाने साधले. दगड बदलला तशी माणसाची बुद्धी बदलली.

पुढे शहरात नळ आले तसा करेझाचा विसर पडला. उभ्या विहिरींत केरकचरा पडू लागला, कोठे त्यांच्या तोंडावर घरे झाली, कोठे भराव पडला. गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या कारभाराने आणि अभ्यासकांनी मिळून नौबादचा गाळ उपसला, तेव्हा खाली पाणी वाहतेच आहे असे दिसले. अडचण आहे ती वरच्या जमिनीची. बोगदा एक आणि त्यावरच्या जमिनीचे मालक अनेक. एकाने आपल्या हद्दीत बोअर घेतला की कालव्याचे पाणी त्याच्याकडे वळू लागते.  आज हे पाणी कोणाचे, याचा निर्णय सध्याच्या कायद्याने करावयाचा आहे, आणि तोपर्यंत कमठाण्याच्या बांधाखालचे शेतकरी आपली भाताची आणि उसाची पाळी जुन्या वहिवाटीने लावीत आहेत.